बोकडाला मुकुट आणि पेंढ्याचे झगे

आयर्लंडला कधी येऊ, असं विचारणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात 17 मार्च ही तारीख आधीच पक्की असते. माझ्याही होती. लिमरिकला नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी त्या तारखेला, म्हणजे सेंट पॅट्रिक डे या इथल्या राष्ट्रीय सणाला, पहाटेची गाडी पकडून डब्लिनला गेले आणि ओ'कॉनेल स्ट्रीटवर दोन तास उभी राहिले. समोर हिरव्या टोपीतला एक सहा फुटी माणूस, त्याच्या खांद्यावर त्याचं पोर. मिरवणूक म्हणून मला दिसली ती त्या पोराची चप्पल आणि एका चित्ररथाचा शेंडा. लालबागची रांग परवडली, तिथे शेवटी दर्शन तरी होतं.

परत आल्यावर ऑफिसातल्या एकीला हे सांगितलं, तर ती हसत सुटली. म्हणाली, "तो पाहुण्यांसाठी असतो गं. तू गावांत जा." तेव्हापासून मी गावंच धरली आहेत.

वर्षाची सुरुवात 1 फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या दिवसाने. इथल्या जुन्या हिशेबाने वसंत त्या दिवशी सुरू होतो. बाहेर बघाल तर विश्वास बसणार नाही, पण हिशेब तसा आहे. 2023 पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळते. एखाद्या बाईच्या नावाने दिलेली ही देशातली पहिलीच सुट्टी. किल्डेअर हे ब्रिजिडचं गाव. तिथल्या एका हॉलमध्ये बसून मी लव्हाळ्याचा क्रूस विणला. तुकोबांचे लव्हाळे ते हेच! ओले, थंडगार, मधल्या चौकोनाभोवती एकेक काडी दुमडून वळवत जायची आणि चारही हात शेवटी दोऱ्याने बांधायचे. हा क्रूस दारावर लावला की घराला आग लागत नाही, अशी समजूत. तयार झाल्यावर तो पाहून मला आपलं स्वस्तिकच आठवलं, पण युरोपात हे मोठ्याने बोलायचं नसतं.

जुलै मात्र मिलटाउन मालबेसाठी राखून ठेवावा. क्लेअर परगण्यातलं हे एका रस्त्याचं गाव. इथला विली क्लॅन्सी हा सुतारकाम करणारा नामी पाइपवादक 1973 च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावाने उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर सकाळी वर्ग चालतात. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, आणि इलन पाइप्स. हे पाइप तोंडाने फुंकत नाहीत, काखेतला भाता कोपराने दाबून त्यांना हवा पुरवतात. आयरिशमध्ये 'उइलन' म्हणजे कोपर. संध्याकाळ झाली की हीच सगळी मंडळी पबमध्ये.

पहिल्याच रात्री मी घोळ घातला. एका पबच्या कोपऱ्यात टेबलाभोवती सात-आठ जण वाजवत होते आणि एक स्टूल रिकामं होतं. मी सरळ जाऊन बसले. वाजवणं थांबलं नाही, कुणी काही बोललंही नाही, पण शेजारच्या फिडलवाल्या बाईंनी सूर संपताच हळूच सांगितलं, "बाळा, ही बासरीवाल्याची जागा. तो बाहेर सिगारेट ओढतोय." कानाच्या पाळ्या गरम झाल्या. उठून भिंतीला टेकले, आणि तिथूनच खरं ऐकू यायला लागलं.

स्टेज नाही, माइक नाही, ध्वनिव्यवस्था नाही. वाजवणारे प्रेक्षकांकडे नाही, एकमेकांकडे तोंड करून बसतात. एक धून दोन-तीनदा वाजते, मग कुणीतरी भुवई उडवतं आणि क्षणाचाही खंड न पडता दुसरी सुरू होते. जिग सहा मात्रांची, मी मनात दादरा धरला. रील आली की केरवा. चक्क बसत होतं! बोरान नावाचं बोकडाच्या कातड्याचं डफासारखं वाद्य असतं, ते वाजवणाऱ्यांची बाकीचे सतत टिंगल करतात, कारण ते प्रत्येकालाच येतं असं वाटतं. मध्येच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून आयरिशमध्ये गायला सुरुवात केली आणि अख्खा पब गप्प झाला. बारमागच्या पोराने ग्लास पुसणंसुद्धा थांबवलं.

गाणं संपल्यावर तेच गृहस्थ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. कुठची, विचारलं. भारत म्हटल्यावर पुढचा प्रश्न मला पाठ आहे: "म्हणजे आमच्या वराडकरकडची?" इतर वेळी लोक हे गमतीने विचारतात. पण माझं आजोळ सिंधुदुर्गात, आणि लिओ वराडकर यांच्या वडिलांचं वराड मालवण तालुक्यात. त्यामुळे मी "हो, तिकडचीच" असं म्हटलं की समोरच्याची पंचाईत होते. पंतप्रधान असताना, 2019 च्या डिसेंबरात, ते वराडला जाऊन आले हेही मी सांगून टाकलं. गृहस्थांनी माझ्यासाठी एक ग्लास मागवला.

एक सूचना: राहायची सोय महिनोन्‌महिने आधी करा. मी केली नव्हती. तंबूत झोपले, आणि क्लेअरचा पाऊस आडवा येतो.

ऑगस्टमध्ये 10 ते 12 या तारखांना केरी परगण्यातल्या किलऑर्ग्लिनला पक फेअर असते. डोंगरातून एक रानबोकड पकडून आणतात, गावातल्या शाळेतली एक मुलगी राणी होते आणि बोकडाच्या डोक्यावर मुकुट ठेवते. जत्रेला 1613 मध्ये राजा पहिला जेम्स याची सनद मिळालेली, प्रथा बहुधा त्याहूनही जुनी. आयर्लंडवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलचे सैनिक येत असताना एकटा बोकड गावात धावत आला आणि लोक सावध झाले, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. सनद क्रॉमवेलच्या आधीची आहे, याकडे कुणी लक्ष देत नाही. बोकडाला उंच मचाणावर ठेवण्यावरून प्राणिप्रेमींचा आक्षेप आहे, 2022 च्या उन्हाळ्यात तर उष्म्यामुळे त्याला खाली उतरवावं लागलं होतं. मलाही ते बघताना जरा कसंतरीच झालं. घोड्यांचा बाजार मात्र चुकवू नये. सौदा पटला की हातावर थुंकून टाळी देतात, ती अजून बघायला मिळते.

सप्टेंबरात गॉलवेचा ऑयस्टर महोत्सव असतो. खिसा जड असेल तर जावं. लिसडूनवार्नाचा वरसंशोधन महोत्सवही याच महिन्यात. तिथे मी गेले नाही, आईने ऐकलं असतं तर तिकीट तिनेच काढून दिलं असतं.

आणि 26 डिसेंबरला केरीतल्याच डिंगलमधला 'रेन डे'. रेन हा चिमणीहून लहान पक्षी. सेंट स्टीफन या ख्रिस्ती हुतात्म्याची लपायची जागा त्याने फोडली म्हणून पूर्वी त्या दिवशी पोरं त्याला मारून काठीवर मिरवत आणि दारोदार पैसे मागत. आता पक्षी खरा नसतो, जमलेले पैसे चांगल्या कामाला जातात. गावात 'रेन' हा शब्दही 'रॅन' असा उच्चारतात. त्या दिवशी बसचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही गाडी काढून आदल्या दिवशीच एका घरगुती लॉजवर पोचलो.

दुपारी ढोल आणि बासऱ्यांचा आवाज आला आणि वळणावरून पेंढाच चालत आला. डोक्यावर पेंढ्याची शंकूसारखी टोपी थेट खांद्यापर्यंत, खाली पेंढ्याचा झगा, माणूस कुठेच दिसत नाही. गल्लीगल्लीचा वेगळा गट आणि गटागटांत चुरस. मला शिमग्यातली सोंगं आठवली, संकासुराला घाबरून आजीच्या पदराआड लपायचे ती. इथे संकासुराच्या जागी पांढरी घोडी होती: लाकडी सांगाडा, वर चादर आणि खटाखट मिटणारा जबडा. तिने माझी टोपी पकडली. मी किंचाळले. आजूबाजूच्या बायकांना कोण आनंद!

संध्याकाळी पबमध्ये पेंढावाले शिरले, जमिनीवर काड्यांचा सडा. त्यातल्या एकाने माझ्या नाकासमोर डबा खुळखुळवला. मी दोन युरो टाकले, तो हलेना. अजून तीन टाकले. मग त्याने टोपी वर केली. आत घामाने निथळणारे, सकाळी मला पोरिज वाढणारे लॉजचे मालक.

"उद्या नाश्ता दहानंतर," ते म्हणाले आणि टोपी खाली ओढून पुढच्या टेबलाकडे वळले.