नावापुढचा आकडा

सात वर्षांची शिक्षा भोगून सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात एका अर्जावर सही करताना माझ्या हाताने सवयीने नावापुढे बंदी क्रमांक लिहिला. समोरच्या कर्मचाऱ्याने तो आकडा कसला म्हणून विचारले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. घरीसुद्धा लोटलेल्या दारासमोर मी नकळत थांबत असे, कारण दार दुसऱ्याने उघडायचे असते हे अंगात मुरलेले होते. डोनाल्ड क्लेमर या समाजशास्त्रज्ञाने तुरुंगाचे हे वळण १९४० मध्येच मांडले होते, असे पुढे वाचले आणि फार धीर आला. तोवर ते सारे मी माझेच दुबळेपण समजत होतो.

कागदपत्रांनी अधिक दमवले. सुटणाऱ्याला ओळखपत्रे मिळावीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील १०८ वा नियम सांगतो. माझ्या हाती मात्र केवळ सुटकेचा दाखला होता, आणि खोली मागताना किंवा काम मागताना तोच पुढे करावा लागत असल्यामुळे माझी पहिली ओळख प्रत्येक ठिकाणी माझा गुन्हाच ठरत होती.

काही महिने मी ती वर्षे लपवली. मग उलट टोकाला जाऊन भेटेल त्याला सर्व सांगू लागलो, आणि त्यातही मी गुन्ह्यापलीकडे उरत नव्हतो. माझ्याआधी सुटून आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला कोरा कागद दिला आणि गुन्हा व शिक्षा वगळून स्वतःविषयी लिहायला सांगितले. तासभर तो कागद तसाच राहिला. अखेर मी ‘सुतार’ एवढेच लिहिले, कारण वडिलांच्या हाताखाली रंधा धरायला शिकलो होतो ते आठवले. ज्या माणसाला माझ्यामुळे इजा झाली त्याला मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. परंतु त्या एका शब्दाने मला उभे राहण्यापुरती जागा दिली.

पुढे सगळे ठाऊक असूनही एका कारखानदाराने मला कामावर घेतले. तिसऱ्या आठवड्यात एक शिकाऊ मुलगा चौकट घेऊन आला आणि म्हणाला, “दादा, हे माप बरोबर आहे का, बघता?” सात वर्षांत माझे मत कोणी विचारले नव्हते. मी गुण्या लावला, कोपरा दोनदा तपासला आणि त्याला सांगितले की उजवी बाजू दोन मिलिमीटरने कमी भरते आहे.