किरकोळ ७४०

वहीत ‘किरकोळ – ७४०’ या ओळीसमोर पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह आहे. लहानसं, वळणदार. ह्याचंच.

सकाळी दिसलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळं तरी होता येतं. हा काही बोललाच नाही. डबा घेतला, चिमीचा पापा घेतला, गेला. मी आपली कुकर लावतेय नि मनातल्या मनात उत्तरं देतेय.

वही ठेवायचं दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. पाच तारखेला घराचा हप्ता जातो, त्यामागोमाग मेंटेनन्स, मग लाइटबिल. त्यात चिमीसाठी एसी लागला की शंभर युनिट कधी ओलांडतात कळत नाही आणि पुढचा दर एकदम चढतो. वीस तारखेनंतर आम्ही दोघंही मोबाइलवर बॅलन्स बघायचं टाळायला लागलो होतो. आधी ॲप वापरून झालं. भाजीवाल्याला दिलेले पैसे त्या ॲपने ‘ट्रान्सफर’मध्ये टाकले आणि मेडिकलचे ‘शॉपिंग’मध्ये. म्हणून मग शंभर पानी वही. डावीकडे मी लिहिते, उजवीकडे तो. रविवारी बेरीज.

ह्याला आकडे आवडतात, हे मान्य. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, खाली आला तरी आपला हप्ता तेवढाच का, मुदत तेवढी कमी कशी झाली, हे त्याने मला पोळ्या लाटताना समजावून सांगितलंय. सप्टेंबरात डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तर ह्याने त्याच रात्री डायपरची रक्कम खोडून कमी केली. चिमीला कुणी तसं सांगितलं नव्हतं, त्यामुळे महिनाअखेरीस ती पुन्हा वाढवावी लागली. ते असो.

पण ७४० पुढेच प्रश्न का? उजव्या पानावर ‘पेट्रोल व इतर – ३२००’ आहे. त्यातलं ‘इतर’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारावंसंही वाटलं नव्हतं, आज सकाळपर्यंत.

माझा पगार येत होता तेव्हा मी कधी ‘किरकोळ’ लिहिलंच नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. आता एटीएममधून काढलेली प्रत्येक नोट त्याच्या खात्यातली, म्हणून ती कुठे गेली हे... नको. हे लिहायला लागले की रडू येतं आणि चिमी झोपेतून उठते.

आईचं बरं होतं, असं दुपारी वाटून गेलं. तिची वही नव्हती, तूरडाळीचा डबा होता. बाबांनी घरखर्चाला दिलेल्यातून वाचवलेलं सगळं डाळीच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि तिला ती पिशवी बाबांसमोर उपडी करावी लागली. नोटांना डाळीची पूड चिकटलेली. बाबा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “इतके?” आई म्हणाली, “तुमचेच आहेत.” पैसे बाबांच्या खात्यात भरले गेले आणि मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लागले. गच्ची गळत होतीच म्हणा. पण इतक्या वर्षांचं तिचं ते ‘तुमचेच आहेत’ मला अजून पचलेलं नाही. तेव्हा मला हसू आलं होतं, हेही खरं.

मग बसून ७४० आठवले. फॉल-पिको १५०. ओटीचा नारळ आणि खण १८०. रिक्षा ९०. चिमीचा फुगा ३०, जो घरी पोचेपर्यंतही टिकला नाही. शेजारच्या काकूंच्या नातवाला वाढदिवसाचं पाकीट २००. शेवपुरी ५०, एकटीने, उभ्याने, चिमी कडेवर झोपलेली असताना. गजरा ४०. बेरीज चोख लागली. पहिले पाच आकडे वहीत उतरवायला काहीच अडचण नव्हती. शेवटच्या दोन्हींपाशी हात थांबला. चोरून खाल्लेली नाही, त्याला सांगितलं असतं तर “मला का नाही आणलीस” एवढंच म्हणाला असता. तरी ती शेवपुरी कुणाच्या बेरजेत जाऊ नये असं वाटलं. गजऱ्याचं तर काही विचारूच नका, तो त्याने बघितलाही नव्हता.

रात्री विचारलंच. तो म्हणाला, “अगं, शंभर रुपये जुळत नव्हते, कुठे शोधायचे म्हणून खूण केली.” आणि लगेच, “तुला काय वाटलं?” मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. “मग इतरपुढे का नाही केलीस खूण?” एवढं विचारलं. त्यावर साहेब बराच वेळ चार्जर शोधत होते.

नंतर बसलो. दोघांनाही दर महिन्याला एक ठरावीक रक्कम, तिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. तो म्हणाला हजार. मी म्हटलं दोन. भाजीबाजारासारखी घासाघीस करून पंधराशेवर आलो. पेट्रोल त्यात धरायचं नाही, गजरा धरायचा, असा तह झाला. प्रश्नचिन्ह त्याने खोडरबराने पुसलं. कागद तिथे जरा खरखरीत झालाय, त्यावर मी पेनने ‘जमले’ लिहून टाकलं.

जानेवारीत मेडिक्लेमचा हप्ता आहे. दर महिन्याला थोडे बाजूला काढून ठेवायचे, यावर एकमत झालं. कुणाच्या पंधराशेतून, यावर उद्या.