आईचा अंगठा

आईला कुठं सही करायची असली की ती आधी रेघ मारते. डावीकडून उजवीकडे, वाळत घालायची दोरी ताणावी तशी. मग त्या दोरीवर एकेक अक्षर अडकवते. वेलांटीपाशी थांबते, श्वास घेते, पुढे जाते. बँकेतला पोरगा तोवर दोनदा घड्याळ बघतो. बघू दे.

ही सही तिला १९६० साली आली. लग्न होऊन ती कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात नांदायला आली आणि तिच्या मागोमाग गावात ग्रामशिक्षण मोहीम आली. आदल्याच वर्षी ती आमच्या सातारा जिल्ह्यात सुरू झाली होती, मग सगळ्या महाराष्ट्रात गेली. रात्रीची जेवणं आटोपली की देवळात कंदील लागायचा आणि शाळेचे मास्तर फळा घेऊन बसायचे. आजी आणि आई, म्हणजे सासू-सून, एकाच पाटीवर गिरवायच्या. सुनेचं अक्षर सासूपेक्षा बरं आलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता म्हणे. सगळा गाव लिहिता-वाचता झाला की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. त्यातली भाषणं आईला आठवत नाहीत, वाटलेलं गूळ-खोबरं आठवतं. आणि यापुढे आपला अंगठा शाईत बुडायचा नाही, एवढं त्या दिवशी कळलेलं आठवतं.

तो पुढे पन्नासेक वर्षं खरंच बुडाला नाही. सोसायटीतल्या क्लार्कनं सवयीनं निळा पॅड पुढं सरकवला की आई तो पालथ्या हातानं परत सरकवायची. बोलायची काही नाही. एरवी गरीब गाय. पण एवढ्या एका बाबतीत तिचा माज बघण्यासारखा असायचा.

गेल्या महिन्यात मी साताऱ्याहून गावी गेलो होतो. रेशन आलंय असा निरोप आला, म्हणून तिला घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं ते मुठीत मावेल एवढं ई-पॉस मशीन पुढं केलं आणि म्हणाला, "आजी, थम्ब लावा."

थम्ब! ‘अंगठा लावा’ म्हटलं तर समोरचा अडाणी ठरतो. ‘थम्ब लावा’ म्हटलं की तोच माणूस डिजिटल होतो. इंग्रजीचे आमच्यावर बरेच उपकार आहेत, त्यांतला हा एक. जे करायची लाज वाटते त्याचं नाव इंग्रजीत घ्यायचं. उधारीचं क्रेडिट झालं, तसाच अंगठ्याचा थम्ब झाला.

आईनं थम्ब लावला. मशीन गप्प. डावा झाला, उजवा झाला, मग अंगठ्याशेजारचं बोट झालं. "पदराला पुसा." पुसलं. "केसांवरनं फिरवा जरा, तेल लागलं की घेतंय." ही विद्या कुठल्याही शासन निर्णयात नाही, दुकानदारानं ती अनुभवातून कमावलेली आहे. रांगेतल्या बायकांनी आपापले उपाय सांगितले. एकीनं तर बोटाला चुना लावायला सांगितलं. तरी मशीनचं एकच, जुळत नाही.

जुळणार कसं? साठ वर्षं भांगलण, आल्याची काढणी, उसाचं पाचट, राखेनं घासलेली भांडी. अंगठ्यावरच्या रेषा त्यातच झिजून गेल्या. माझा अंगठा मात्र पहिल्या झटक्यात उठतो. नोकरीत फायलींच्या कडांपलीकडे तो कशालाच घासला गेला नाही. म्हणजे जो हात आयुष्यभर राबला त्याची ओळख पटत नाही, आणि माझ्यासारख्या ऐतोबाची चुटकीसरशी पटते. यात कुणाचा कट नाही, नुसतं कातडीचं गणित आहे. पण गणित कसं बरोब्बर त्याच बाजूला झुकतं बघा.

अंगठा हा अडाण्यांसाठी असतो, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. आमच्याकडं शिवीच होती ती, अंगठेबहाद्दर. पुढे कधीतरी या भानगडीचं मूळ वाचनात आलं आणि माझा समज साफ उलटा पडला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी माल पुरवायचा करार त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी केला. कोनाईला लिहिता येत होतं. करार त्याच्याच अक्षरात होता. पण उद्या हा ‘सही माझी नव्हेच’ म्हणाला तर? साहेबानं कचेरीच्या शिक्क्याची शाई कोनाईच्या हाताला फासली आणि करारामागं अख्खा पंजा उमटवून घेतला. त्याला धाक बसावा एवढाच हेतू होता, हे साहेबानं म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढं बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यालाच निघाली. ठशांची वर्गवारी लावायचं डोकेफोडीचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं, आणि पद्धतीला नाव मिळालं त्यांच्या वरिष्ठाचं, हेन्रीसाहेबाचं. (ऑफिसात काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.)

म्हणजे पहिला पंजा घेतला तो लिहिता येणाऱ्याचा. अक्षरओळख असण्या-नसण्याचा इथं संबंधच नव्हता. सही करणारा म्हणतो, हे मी आहे. ठसा घेणारा म्हणतो, तू काय म्हणतोस ते राहू दे, तुझी कातडी काय म्हणते ते बघू. मास्तरांनी देवळात कंदिलाखाली आईला काय शिकवलं होतं हे मला तेव्हा कुठं कळलं. नुसती चार अक्षरं नव्हती ती. आपण कोण हे आपण सांगायचं असतं, ही सवय होती.

त्याआधी आमचे लोक काय करत? जुन्या महजरांवर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदांवर, पाटलाच्या नावापुढं ‘निशाणी नांगर’ काढलेला असे. तोही स्वातंत्र्याचा काही झेंडा नव्हे. ज्याची त्याची निशाणी वतनाप्रमाणं ठरलेली, आणि वतन जन्मानं. खुद्द छत्रपतींच्या पत्रांवर वरती मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असं मोर्तब असायचं. मर्यादेयं विराजते, म्हणजे मजकुराची हद्द इथं संपली, याच्या पुढं कुणी काही घुसडायचं नाही. हल्ली मोबाईलवर ‘मी सहमत आहे’ला टिचकी मारताना मला हे मोर्तब हटकून आठवतं. त्या मजकुराला मर्यादा म्हणून नसते. अंगठ्यानं वर ढकलत राहा, तो संपतच नाही. मी एकदा चिकाटीनं शेवटपर्यंत वाचायचं ठरवलं. अर्ध्यात चार्जिंग संपलं.

आता कुणी म्हणेल, हा खासगीपणाचा प्रश्न आहे. खासगी हा शब्द तरी आमच्या गरिबांचा कुठं होता? मराठेशाहीत खासगी म्हणजे राजाची स्वतःची मिळकत, त्याच्या घरचा कारभार. तो सांभाळणारे ते खासगीवाले. बाकी रयतेचं सगळं चावडीवर आणि चव्हाट्यावर. गावात मला काय स्वातंत्र्य होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. दहावीचा माझा निकाल घरी कळायच्या आधी पिठाच्या गिरणीत कळला होता. कुणाच्या घरी किती वाजता दिवा मालवला, कुणाची सून माहेराहून किती दिवसांनी आली, याची नोंद ठेवायला आमच्या भावकीला कधी सर्व्हर लागला नाही, आणि भावकी डाऊनही कधी नसायची. तेव्हा कुणी ‘पूर्वी कसं मोकळं होतं’ म्हणून गळा काढला की मला हसू येतं. फरक एवढाच की भावकीशी कचाकचा भांडता यायचं. शिमग्याला त्यांच्या नावानं बोंब ठोकता यायची. या मशीनपुढं माणूस नुसता बोट पुसत उभा राहतो.

तर ही खासगी राजाकडून रयतेकडं आली ती २४ ऑगस्ट २०१७ ला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा नव्वदीच्या पुढं होते. एवढ्या वयात माणूस सरकारशी भांडतो, आणि आम्ही चाळिशीतच ‘कशाला उगाच’ म्हणून झेरॉक्स देऊन मोकळे होतो. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात हेही ठरलं, की बँकेच्या खात्याला आणि मोबाईलच्या सिमला आधार जोडायची सक्ती करता येणार नाही. हे मी एका ठिकाणी काउंटरवर बोलून दाखवलं. काउंटरवरची मुलगी अतिशय गोड बोलली. म्हणाली, "काका, सक्ती नाहीच आहे. फक्त त्याच्याशिवाय पुढं जात नाही."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एकदा खारे शेंगदाणे घेतले होते. खाऊन झाल्यावर पुडी उलगडली तर ती कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स. बारा आकडे, पत्ता, आणि काळाकुट्ट फोटो, ज्यात माणूस आहे का मोटारसायकल ते ओळखू येऊ नये. मीठ लागलं होतं. मी ती बारीक फाडून टाकली, आणि मग दिवसभर माझे शेंगदाणे कोण खात असेल याचा विचार करत बसलो.

अंगठ्याचा आणखी एक अवतार राहिला. आईनं मागं नातवाला निरोप पाठवला, बोलून, तिच्या शेजारणीच्या मोबाईलवरून: आंब्याच्या दिवसांत ये, वाट बघते. पुण्याहून उत्तर आलं, एक पिवळा अंगठा. आईनं तो नीट जवळ धरून बघितला आणि तिचा चेहरा पडला. "मला ठेंगा दाखवतोय?" तिला समजावता समजावता पुरेवाट झाली. तिचं चुकलं असं मला अजून वाटत नाही. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीआधी ग्रुपवर शेकड्यांनी अंगठे पडले होते. मतमोजणीला कळलं की त्यांतले बरेच जुन्या मराठी अर्थाचे होते.

कॅनडातल्या एका शेतकऱ्याला हा घोळ भलताच महागात पडला. त्याचा जवस विकायचा करार ठरत होता. व्यापाऱ्यानं कराराचा फोटो मोबाईलवर पाठवला, मान्य आहे का विचारलं. ह्यानं अंगठा पाठवला. पुढं जवसाचा भाव चढला, माल काही गेला नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे ‘फोटो मिळाला’, एवढंच. २०२३ मध्ये तिथल्या कोर्टानं ठरवलं की नाही, ही सहीच. ८२ हजार डॉलर भरायला लावले. कोनाईच्या सहीवर साहेबाचा विश्वास नव्हता म्हणून पंजा घेतला. इथं पंजाही नाही, चित्रातला अंगठा, तोही कंपनीनं काढून दिलेला, सगळ्यांचा सारखाच. आणि तो सहीएवढा पक्का. मी तेव्हापासून ग्रुपवर ‘बरं’ असं लिहितो. ‘बरं’ या शब्दावर जगातलं कुठलंही कोर्ट निकाल देऊ शकणार नाही याची मला खात्री आहे.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचं सुरू होतं. आमच्या ओळखीचे एक गुरुजी बोट उठेना म्हणून तीन दिवस बँकेत खेटे घालत होते. बोलत होते, भांडत होते, चहा पीत होते, फक्त हयात ठरत नव्हते. मला आगरकर आठवले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, आमच्याच जिल्ह्याचे. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा पुण्यातल्या सनातन्यांनी काढली होती. पण निदान त्यासाठी आगरकरांना काहीतरी लिहावं लागलं होतं. गुरुजींनी बिचाऱ्यांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नव्हतं.

असो. दुकानात आम्ही अजून उभेच होतो. शेवटी दुकानदारानं ओटीपीची वाट काढली. आईच्या कार्डाला नंबर माझा जोडलेला. खिशात मोबाईल थरथरला, मी आकडे वाचून दाखवले, मशीननं मान्य केलं. ऐंशी उलटलेली बाई समोर उभी, आणि ती कोण हे माझ्या खिशातनं ठरलं. तांदूळ-गहू मोजले, मशीननं चिठ्ठी काढली.

"सही कुठं करू?" आईनं विचारलं.

"सही न्हाई लागत आता, आजी."

तिनं ती गुळगुळीत चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, उलटी केली, माझ्या खिशातलं पेन काढलं, तांदळाच्या पोत्यावर चिठ्ठी टेकवली आणि रेघ मारायला घेतली. दुकानदार चांगला माणूस आहे. थांबला. मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "पुढच्या बारीला बोटाचा तरास न्हाई बगा. तोंडावरच करू. मोबाईलपुढं बसायचं आन् डोळं मिचकवायचं, झालं."

आईनं मान वर केली. "या वयात डोळा मारायला लावतोस व्हय रं?"

रांगेतल्या बायका खदाखदा हसल्या. मागून कुणीतरी ओरडलं, आटपा की. आईची वेलांटी अजून व्हायची होती.