रिपोर्ट चांगले, मग थकवा कशाचा?

हॉजकिन लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, केमो संपली, मानेवरचं रेडिएशन झालं, स्कॅनही स्वच्छ आला. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरच्यांच्या हिशेबी आजार संपला होता. मला मात्र अंघोळ करून आलं की पलंगावर टेकावं लागायचं. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसायचं, आणि पान उलटेपर्यंत आधीचं वाचलेलं डोक्यातून गेलेलं असायचं. "तरुण आहेस, जरा मनावर घे," असं सांगणारे बरेच भेटले. मनावर घेऊन हिमोग्लोबिन वाढत असतं तर काय हवं होतं!

फॉलोअपला मी नुसतं "थकवा येतो" म्हटलं नाही. एक मजला चढल्यावर थांबावं लागतं, लेक्चरच्या मध्येच काही सुचेनासं होतं, असं नेमकं सांगितलं. मग हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं. केमोतल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही केली. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं हार्मोन, वाढलेलं निघालं. मानेवर रेडिएशन घेतलेल्यांचं थायरॉइड मंदावणं तसं नेहमीचंच. कधी कधी ते काही वर्षांनीही उद्भवतं, म्हणून ही तपासणी पुढेही चालू ठेवायची. गोळीने फरक पडला, पण सगळा थकवा काही गेला नाही.

उरलेल्यासाठी फिजिओथेरपिस्टने एक वही घालायला सांगितली. दिवसभरात काय केलं आणि थकवा शून्य ते दहापैकी किती, एवढंच लिहायचं. त्यातून दिसलं की माझा घात चांगल्या दिवशीच व्हायचा. जरा बरं वाटलं की राहिलेला अभ्यास, मैत्रिणी, कपाट आवरणं, सगळं एकदम. नंतरचे दोन-तीन दिवस आडवी. मग ठरवलं: दिवस कसाही असो, काम ठरलेलं तेवढंच, आणि दमायच्या आधी थांबायचं. चांगल्या दिवशी हात आवरणं किती जिवावर येतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दमलेल्या माणसाला चालायला सांगतात याचा आधी रागच आला होता. पण या थकव्यावर हळूहळू वाढवलेला व्यायाम उपयोगी पडतो, असं अभ्यासांतूनही दिसलंय. सुरुवात घरातल्या घरात काही मिनिटांनी केली. डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीन वाजायच्या आधी, नाहीतर रात्रीची झोप जाते.

कॉलेजात डॉक्टरांचं पत्र देऊन त्या वर्षी कमी विषय घेतले. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवते, "येईन, पण तासाभरात निघेन." त्या आता हटकत नाहीत.

धाप, छातीत धडधड, ताप किंवा अचानक वाढलेला थकवा असेल, तर मात्र वहीत गुण देत बसत नाही. सरळ डॉक्टरांना फोन करते.