ट्रायपॉड कुणाच्या पाठीवर

गुरुवार, रात्री

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून झाली. कॅमेऱ्याची बॉडी 730 ग्रॅम, 10-18 मिलिमीटरची रुंद लेन्स 240, 18-135 ची 515, 55-250 ची 375, पन्नासची 160. सगळं मिळून दोन किलो. एवढं मी अजूनही कुरकुर न करता नेते. मग ट्रायपॉड. तो दीड किलोचा. दोन लिटर पाणी घेतलं की आणखी दोन किलो, वर स्लीपिंग बॅग, जर्किन, टॉर्च. शनिवारी हरिश्चंद्रगडाला निघायचंय, कोतूळवरून पायथ्याच्या पाचनईला पोचलो की हे सगळं पाठीवर चढणार.

दरवेळी या टप्प्यावर मला मजा येते. काय घ्यायचं, काय ठेवायचं, एक आत टाकायचं, दुसरं बाहेर काढायचं. आज मात्र ट्रायपॉड हातात घेतला आणि मागच्या ट्रेकमधल्या रतनगडाच्या शिड्या आठवल्या. "ताई, द्या इकडे, मी घेतो," असं आमच्यातला एक तरुण पोरगा म्हणाला आणि मी दिला. त्यात वावगं काहीच नव्हतं. शिडीवर ट्रायपॉडचे पाय अडकतात, मागच्याला लागतात, त्याचं बरोबरच होतं. पण मी आढेवेढे घेतले नाहीत. "अरे असू दे, सवय आहे" असं एकदा तरी म्हणायला हवं होतं ना? हात आपोआप पुढे झाला. मला तेच टोचतंय.

मग तो झपाझप वर निघून गेला, नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसला. मी गणेश दरवाज्याच्या वर दम खात थांबले होते आणि समोर अलंग, मदन, कुलंग या गडांवरून ढग खाली ओतायला लागले. संथ शटरने घ्यायचं असं ते दृश्य होतं, दोन-तीन सेकंद उघडा ठेवला की ढगाचं पाणी होतं. ट्रायपॉड नेढ्यात. मी हातात धरून काढले, आलेही बरे. फोटो गेला याचं दुःख नाही. हे लिहितानाही खात्री करून घेतेय, आणि खरंच नाही.

दादा असता तर... जाऊ दे.

यांनी मघाशी डोकावून विचारलं, "एवढं सगळं?" मी म्हटलं, "नाही, कमी करतेय." एवढंच बोलणं झालं.

तर कमी करू या. हरिश्चंद्रगडावर मला नक्की काय हवंय? केदारेश्वर. त्या गुहेत भलं मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं गारठलेलं पाणी, चार खांबांतला एकच उभा. अंधार असतो, पण 10-18 ला स्थिरीकरण आहे, हाताची थरथर ती सावरून घेते. भिंतीला खांदा टेकवून श्वास रोखला तर पाव सेकंदाचा फोटोही हलत नाही. म्हणजे तिथे ट्रायपॉड लागत नाही.

इंद्रवज्र दिसलं तर? सकाळी ऊन पाठीमागून यायला हवं आणि कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या त्या सरळसोट तुटलेल्या कड्याच्या, पोटात धुकं भरलेलं हवं. मग खालच्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांची कडी उमटतात. प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवतीची. शेजारी उभ्या असलेल्याचं वर्तुळ आपल्याला दिसत नाही, हे मला कायम विलक्षण वाटत आलंय. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 साली इथलं इंद्रवज्र नोंदवलंय असं सगळेच सांगतात. लोकांना वाटतं यासाठी रुंद लेन्स हवी. पूर्ण गोल इंद्रधनुष्याला हवी, कारण त्याचा व्यास चौऱ्याऐंशी अंश असतो. इंद्रवज्राची कडी त्यामानाने लहान, बहुतेक वेळा वीस अंशांच्या आतली. आपल्या 10-18 मध्ये ती बांगडीएवढीसुद्धा दिसणार नाहीत. त्याला पन्नासची लेन्सच बरोबर. 160 ग्रॅम. आली ती.

55-250 कशाला? शाहीन ससाण्यासाठी. कड्याच्या वाऱ्यात तो एका जागी लटकल्यासारखा थांबतो आणि मग दगडासारखा सुटतो. पण 250 मध्येही तो ठिपकाच येतो, हे माझ्या हार्ड डिस्कमधल्या ठिपक्यांनी सिद्ध केलंय. ही राहिली घरी. आणि 18-135? मनातून ही मला आवडत नाही, पण धुक्यात लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर ओल घ्यायची. सोनकी पिवळी झालीय, तेरडा अजून असेल, चालता चालता ते टिपायला एकच लेन्स लावून ठेवलेली बरी. आली.

आता उरतात तारे. सर्वपित्री मंगळवारी आहे, म्हणजे शनिवारी चंद्र पहाटेच उगवेल, रात्र काळीकुट्ट. या दिवसांत आकाशगंगेचा दाट भाग अंधार पडता पडता नैऋत्येला असतो आणि नऊनंतर खाली कलायला लागतो. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेकडे, समोर काहीच आड नाही, खाली कोकणातले दिवे. दहा मिलिमीटरवर तीस सेकंदांपर्यंत तारे रेघोट्या न होता ठिपके राहतात. पण तीस सेकंद कॅमेरा कोण धरणार?

म्हणून पुन्हा ट्रायपॉड. आणि पुन्हा तेच. परवा तो विचारणार, "ताई, द्या." आणि मला ठाऊक आहे, मी देणार. पाचनईच्या वाटेवर अवघड काही नाही, कातळ, ओढा, दोन-अडीच तास. शिडीचं कारणही नाही. तरी देणार, कारण गुडघा उतरताना बोलायला लागलाय आणि मला वर पोचल्यावर बोटं थरथरायला नको आहेत. मग पुढचा सगळा वेळ माझं लक्ष वाटेवर नसेल, पुढे गेलेल्या त्या काळ्या पिशवीवर असेल. कधी इकडे थांब म्हणावं, कधी परत माग म्हणावं. आपली वस्तू दुसऱ्याच्या पाठीवर दिसली की चालणं आपलं राहत नाही. तरणीताठी पोरं आपल्याला सांभाळून घेताहेत, वाट बघताहेत, "ताई सावकाश" म्हणताहेत. इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांना म्हणत आले. वाईट वाटतंय. सरळ लिहिते, वाईट वाटतंय, आणि कुणाशी बोलण्यासारखं हे नाही.

(अकरा वाजले. दूध फ्रिजमध्ये ठेवायचं राहिलं होतं. ठेवलं.)

फ्रिजपाशी उभं असताना एक सुचलं. कड्याच्या काठावर सगळे पोटावर झोपूनच खाली बघतात. वारा खालून वर येतो, टोपी टाकली तर परत फेकतो. अशा जागी ट्रायपॉड छातीपर्यंत उंच केला तर तो तीस सेकंद थरथरतच राहणार. कॅमेरा मुळात खाली, कातळालगतच हवा. आणि कातळालगत ठेवायचा तर धान्याची पिशवी ट्रायपॉडपेक्षा चांगली. पक्ष्यांचे फोटो काढणारे जीपच्या खिडकीवर ठेवतात तशी, कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. जुन्या उशीचा अभ्रा शिवून छोटी पिशवी होईल. रिकामी न्यायची. वजन काहीच नाही.

तांदूळ वर मिळतील. पाचनईची माणसं वर झोपड्यांत पिठलं-भाकरी देतात, तिथल्या मावशींकडून किलोभर तांदूळ रात्रीपुरते मागून घ्यायचे आणि सकाळी परत द्यायचे. त्या विचारतील कशाला. सांगेन, तारे काढायचेत.

म्हणजे मागायचं आहेच. पण याचा त्रास होत नाहीये, आणि रतनगडच्या शिडीखाली झाला. का, ते नीट कळत नाही. कदाचित मावशींकडे मागायचं काय आणि किती हे मी इथे बसून ठरवलंय म्हणून. तिथे दुसऱ्याने माझ्याकडे बघून ठरवलं. तो पोरगा चांगला आहे. त्याने बघितलं आणि त्याला जे दिसलं ते खरंच होतं. त्याच्यावर राग धरायला काही जागाच नाही, म्हणूनही हे इतके दिवस आत फिरत राहिलं असावं.

आणखी पाच-सात वर्षांनी 18-135 पण घरी राहील. मग पन्नासचीच. तरी चालेल, इंद्रवज्र तिच्यात मावतं.

तर आता बॉडी, 10-18, 18-135, 50. 1645 ग्रॅम. दोन बॅटऱ्या, पावसाची एखादी सर आलीच तर शॉवर कॅप, सिलिका जेलच्या पुड्या. ट्रायपॉड माळ्यावर नाही ठेवत, कपाटामागे उभा करून ठेवते, लागणार आहेच कधीतरी. पिशवी उद्या शिवायची. मशीनची बॉबीन भरलेली आहे का बघितलं पाहिजे, आणि त्या पोराला मेसेज करायचाय की त्याने टॉर्चसाठी जास्तीचे सेल आणावेत, माझ्याकडचे संपलेत.