साखर बघून थांबणारं इन्सुलिन

“साखर बघून आपोआप काम करणारं इन्सुलिन निघालंय म्हणं. तुमच्याकडं कधी येणार?” मंगळवार पेठेतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न हल्ली सारखा येतो. कुणी मोबाइलवर आलेला व्हिडिओच पुढं धरतं. गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात, म्हणून मी “अजून नाही” एवढ्यावरच भागवतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

पहिलं म्हणजे, ती गोळी नव्हे. सुई टोचावीच लागणार. आणि साखर उतरवणं हे त्यातलं नवं नाही. ते काम इन्सुलिन 1922 पासून करतंय. अडचण आहे ती थांबण्याची. एकदा टोचलं की पोटात अन्न पडो न पडो, ते आपलं काम करत राहतं.

नवरात्रात आमच्या नेहमीच्या एक मावशी सकाळी मिक्स इन्सुलिनचे रोजचेच युनिट घेऊन, उपाशीपोटी अंबाबाईच्या रांगेत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं घामानं ब्लाउज भिजला, हात थरथरायला लागले, सुनेला लेकीच्या नावानं हाका मारायला लागल्या. सून हुशार, साखर उतरलीय हे ओळखून तिनं साखरपाणी पाजलं. मावशी नंतर मलाच सांगत होत्या, “सुई चुकवली न्हाई बघा मी!” तेव्हापासून मात्र त्या मनानंच दोन-चार युनिट कमी घेतात. साखर अडीचशेच्या खाली येत नाही. असे लोक पुष्कळ आहेत. साखर उतरण्याच्या धास्तीनं ती चढी ठेवायची आणि डोळे, किडनी पणाला लावायची. या नव्या इन्सुलिनचा खरा उपयोग मला इथं दिसतो.

कल्पना जुनी आहे. 1979 मध्ये अमेरिकेत ब्राउनली आणि सेरामी या संशोधकांनी ती मांडली. पुढं मर्क कंपनीनं 2010 मध्ये स्मार्टसेल्स ही कंपनी याचसाठी विकत घेतली, पण ते इन्सुलिन माणसांत पुरेसं परिणामकारक ठरलं नाही. सध्याची चर्चा आहे नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीच्या एनएनसी2215 नावाच्या इन्सुलिनची. 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात त्याची माहिती आली. त्याच्या रेणूला एका जागी ग्लुकोज पकडणारं कडं बसवलंय, दुसऱ्या जागी ग्लुकोजसारखाच एक तुकडा. रक्तात साखर कमी असली की कडं त्या तुकड्यालाच धरून बसतं आणि इन्सुलिन मिटलेलं राहतं. साखर वाढली की रक्तातलं ग्लुकोज कड्यात शिरतं, रेणू उघडतो, कामाला लागतो.

व्हिडिओवाले ‘चालू-बंद’ म्हणतात, तसं ते नाही. साखर 54 वरून 360 वर गेली तर पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे इन्सुलिन जिथं चिकटून काम करतं त्या जागेला, धरण्याची त्याची ताकद साधारण तिप्पट होते. म्हणजे साखर कमी असतानाही थोडं काम चालूच. तरी रात्री दोन-तीनला साखर घसरणाऱ्या माणसाला एवढा फरकसुद्धा मोठा आहे. पण 2024 चे ते निकाल उंदरांवरचे आणि डुकरांवरचे आहेत. म्हणून मी कुणाला तारीख सांगत नाही.

तोवर उपवास धरायचा असेल तर किती युनिट घ्यायचे ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. प्रसादाचा पेढा त्या वेळी नको. खव्यातल्या स्निग्धांशामुळं त्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो.