छत्तीस खाटा

गुरुवार, रात्री साडेअकरा

दुपारी फोन आला. असिस्टंट मेट्रनच्या जागेसाठी माझी निवड झाली नाही. "अनुभव चांगला आहे सिस्टर तुमचा, पण..." पुढचं नीट ऐकलंच नाही. पाच नंबरच्या पेशंटचं सलाईन संपत आलं होतं. ते बदललं आणि चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले. मावशींनी बाहेरूनच विचारलं, "न्हाई घेतलं व्हय?"

मुलाखतीची तयारी भरपूर केली होती. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, हात धुण्याच्या पायऱ्या, सगळं तोंडपाठ. त्यातलं एकही विचारलं नाही. अवघड प्रसंग सांगा म्हणाले, तर मी २०१९ चा महापूर सांगितला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद. रिलिव्हर सिस्टर चिखली-आंबेवाडीच्या, त्यांची घरंच पाण्यात. आम्ही दोघींनी तीन दिवस छत्तीस खाटांचा वॉर्ड ओढला. सांगताना गळा भरून आला.

समोरच्या वयस्कर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि पूर ओसरल्यावर नाईटला किती जणी होता?"

"दोघीच."

"किती हव्यात?"

हे मला येत नाही असं नाही. मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डला इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण तीन खाटांमागे एक नर्स, म्हणजे पाळीला नऊ खाटांमागे एक. वर रजेसाठी ३० टक्के. पण तोंडातून निघालं, "मॅडम, आम्ही भागवतो."

"कधी लेखी मागितल्या?"

नाही. एकदाही नाही.

राग आला होता त्यांचा. अजून पुरता गेलेला नाही. मागून माणसं मिळाली असती तर काय हवं होतं!

पण घरी येऊन या महिन्याचा ड्युटी चार्ट उघडला. एका पोरीच्या नावापुढे चार ठिकाणी 'ऑफ' लाल पेनाने खोडून 'नाईट' केलंय. अक्षर माझंच. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. मी बोलावलं की ती "हो सिस्टर" म्हणून येते. मी भागवते म्हणत होते, ते हिच्या झोपेवर. मला याचं फार वाईट वाटलं, ती जागा हुकल्यापेक्षाही जास्त.

छत्तीस खाटांना बारा, रजेच्या चार धरून सोळा. आम्ही नऊ जणी आहोत.

दोन कागद फाडून झाले, तिसऱ्यावर अर्ज नीट उतरलाय. खोडलेल्या सुट्ट्यांची यादी तारखांसह जोडली आहे, तीन महिन्यांची. सकाळी राउंडच्या आधी मेट्रन मॅडमच्या टेबलावर ठेवणार आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेणार.